दिसत नसलेल्या ग्रहाची हवा

दिवाळीच्या सुमारास रात्री नवाच्या पुढेमागे लातूर, बीड, परभणीकडच्या एखाद्या शेतात उभं राहून मान पूर्ण वर केली, तर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर आलेला दिसतो. पंचांगातल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा या दोन नक्षत्रांचा मिळून तो होतो. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधे, किंचित पश्चिमेला सरकून, एक फिकट तारा आहे. जवळपास हायमास्ट दिवा नसेल आणि नजर चांगली असेल तर तो जेमतेम दिसतो. त्याचं नाव ५१ पेगासी. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं. तारा बऱ्यापैकी आपल्या सूर्यासारखाच.

१९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या एका वेधशाळेतून या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. जगभरचे शास्त्रज्ञ चक्रावले ते त्या ग्रहाच्या वर्षामुळे. आपल्याकडे सूर्याच्या सगळ्यात जवळचा बुध एका फेरीला ८८ दिवस घेतो. हा ग्रह फेरी मारतो ४.२ दिवसांत. म्हणजे सोमवारी सकाळी निघाला की शुक्रवारी दुपारच्या आत वर्ष संपलं. आणि आकारानं लहानसहान नाही, वजन गुरूच्या निम्म्याच्या आसपास. मोठे वायूचे ग्रह ताऱ्यापासून लांब, थंडीत तयार होतात, असं तोवरचं गणित सांगत होतं. हा तर ताऱ्याच्या अगदी अंगाला अंग लावून. या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, आणि अशा ग्रहांच्या जातीला नाव पडलं 'तप्त गुरू'.

तप्त म्हणजे किती? परभणीचा पारा ४५ च्या वर गेला की ती पहिल्या पानाची बातमी होते. ५१ पेगासीच्या ग्रहावर तापमान हजार अंशांच्या घरात असावं. केल्ट-९ बी नावाच्या ग्रहाची उजेडाची बाजू ४,३०० अंश सेल्सिअसला पोचते. आकाशातले बरेचसे लाल, छोटे तारे याहून थंड असतात. त्यात भर म्हणजे ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्यामुळे त्याच्या ओढीनं या ग्रहांचं स्वतःभोवती फिरणं बांधलं गेलंय. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते तशी यांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. एकीकडे न संपणारा वैशाख, दुसरीकडे न संपणारी अवस.

आता खरा प्रश्न. तिथल्या हवेत पाण्याची वाफ आहे, सोडियम आहे, लोखंडाची वाफ आहे, वारा ताशी हजारो किलोमीटरनं वाहतो, असं वर्तमानपत्रात छापून येतं. वरती गोल गरगरीत ग्रहाचं रंगीत चित्रही असतं. ते चित्र कल्पनेनं काढलेलं असतं. या ग्रहांपैकी एकाचाही फोटो कोणाजवळ नाही. दुर्बिणीत दिसतो तो एकच ठिपका, आणि तो ताऱ्याचा. ग्रहाचा उजेड त्यातच मिसळलेला. मग हवा कळते कशी?

वजाबाकीनं. या शास्त्राचं सगळं मर्म त्या एका क्रियेत आहे, आणि त्याच्या सगळ्या भानगडीही तिथूनच निघतात.

उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हा त्या वजनात ऊस असतो, ट्रॅक्टर असतो, ट्रॉल्या असतात. ऊस गव्हाणीत पडला की रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन आकड्यांचा फरक म्हणजे ऊस. उसाला एकट्याला कोणीच तोलत नाही. तसंच इथं. तारा आणि ग्रह मिळून किती उजेड येतो तो मोजायचा, मग ग्रहाचा वाटा वगळलेला असेल तेव्हा मोजायचा, आणि फरक काढायचा. ग्रहाचा वाटा वगळायचं काम निसर्ग आपणहून करतो. ग्रह फिरता फिरता कधी ताऱ्याच्या पुढून जातो, कधी मागे दडतो.

पुढून जाणं म्हणजे अधिक्रमण. २००४ आणि २०१२ च्या जून महिन्यात शुक्राचं अधिक्रमण झालं तेव्हा काळे चष्मे लावून आपल्यातल्या पुष्कळांनी सूर्यावरचा तो काळा ठिपका पाहिला असेल. शुक्रानं तेव्हा सूर्याचा हजारातला एक भाग झाकला होता. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यापुढून गेला तर शंभरातला एक भाग झाकतो, कारण गुरूचा व्यास सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे आणि झाकलेलं क्षेत्र व्यासाच्या वर्गानं वाढतं. ठिपका म्हणून हे दिसत नाही. ताऱ्याचा उजेड तेवढा तासा-दोन तासांसाठी एक टक्क्यानं उतरतो आणि पुन्हा चढतो. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याचा उजेड असा दीड टक्क्यानं उतरताना पहिल्यांदा मोजला गेला. योगायोगानं हा ताराही ५१ पेगासीच्याच तारकासमूहातला. अर्थात ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तरच असं होतं. तप्त गुरूंमध्ये दहातल्या साधारण एकाच्या बाबतीत हे जुळून येतं. पृथ्वीसारखा लांबून फिरणारा ग्रह असेल तर दोनशेत एक.

इथवर ग्रहाचा आकार कळला. हवा अजून बाकी आहे.

संध्याकाळचा सूर्य लाल का दिसतो हे शाळेत शिकवतात. डोक्यावरच्या सूर्याचा उजेड हवेतून सरळ खाली येतो, मावळतीच्या सूर्याचा उजेड हवेतून तिरपा, फार लांबचा प्रवास करून येतो. वाटेत निळा भाग विखरून जातो. उन्हाळ्यात हवेत धूळ असली की आपल्याकडचा मावळतीचा सूर्य तांब्याच्या रंगाचा होतो, तो त्या हवेत काय तरंगतंय याचा पुरावाच असतो. अधिक्रमणाच्या वेळी ग्रहाच्या कडेकडेनं नेमकं हेच घडतं. ग्रहाचा घट्ट भाग उजेड पूर्ण अडवतो, पण त्याच्याभोवती हवेचं एक पातळ कडं असतं. ताऱ्याचा थोडा उजेड त्या कड्यातून घासून आरपार आपल्याकडे येतो. त्या कड्यावर कोणी उभं असेल तर त्याला तारा क्षितिजाला टेकलेला दिसेल, आणि ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे असल्यामुळे तो तिथेच टेकलेला राहील. आपण पकडतो तो उजेड त्या अखंड संध्याकाळीतून गाळून आलेला असतो.

गाळताना कोणता रंग अडला, यावरून हवेतला पदार्थ ओळखायचा. घरी पडताळून बघता येईल. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत भप्पकन पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. एलईडी यायच्या आधी एसटी स्टँडवर आणि हमरस्त्यावर जे पिवळे दिवे असायचे, त्यांच्यात सोडियमचीच वाफ असे. गरम सोडियम ठरावीक पिवळा रंग सोडतो, आणि मागून उजेड येत असेल तर नेमका तोच रंग शोषून घेतो. प्रत्येक अणूची, प्रत्येक रेणूची अशी आपापली ठरलेली रंगांची यादी आहे. उजेड लोलकातून किंवा जाळीतून पसरवून पट्टा केला, म्हणजे वर्णपट काढला, की त्यात कुठं काळ्या रेघा पडल्या ते दिसतं.

या विद्येचं आपल्या भागाशी जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला पिएर जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला आला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली, सोडियमच्या रेघेच्या जवळ पण तिच्याशी न जुळणारी. ती हेलियमची निघाली. हेलियम पृथ्वीवर सापडायच्या कितीतरी आधी सूर्यावर सापडला. हेलियम तिथे आहे हे कळायला कोणाला सूर्यावर जावं लागलं नाही, रेघ पुरली. दीडशे वर्षांनी, २०१८ मध्ये, वास्प-१०७ बी नावाच्या ग्रहाभोवती हेलियमचीच एक अवरक्त रेघ सापडली आणि त्या ग्रहाची हवा अवकाशात उडून चाललीय हे समजलं. जाता जाता, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात हैदराबादची निजामिया वेधशाळा आकाशाचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात सामील होती. ताऱ्यांचा अभ्यास ही कुठल्यातरी परक्या देशाची गोष्ट, असं मानायचं कारण नाही.

तर २००२ मध्ये हबल दुर्बिणीनं एचडी २०९४५८ च्या ग्रहाचं अधिक्रमण सोडियमच्या पिवळ्या रंगात मोजलं. त्या रंगात उजेड जरा जास्त उतरला होता. जास्त म्हणजे किती, तर ०.०२३ टक्के. पण आजूबाजूच्या रंगांत तो तेवढा उतरला नव्हता. म्हणजे सोडियमच्या नजरेनं पाहिलं तर ग्रह थोडा मोठा दिसत होता, कारण त्याच्या हवेतला सोडियम तो रंग अडवत होता. परक्या ताऱ्याच्या ग्रहावरची हवा माणसानं पहिल्यांदा ओळखली ती अशी. काट्याच्या भाषेत सांगायचं तर वीस टनांच्या गाडीत साडेचार किलोंचा फरक नेमका हेरला.

एवढा बारीक फरक हेरता येतो याचं श्रेय दुर्बिणीइतकंच त्या ग्रहांनाही द्यायला हवं. हवा किती जाड पसरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ती किती गरम, कोणत्या वायूची, आणि ग्रहाची ओढ किती. आपल्याकडे साधारण साडेआठ किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. तप्त गुरूंवर हवा हायड्रोजनची, म्हणजे सगळ्यात हलकी. तापमान हजारात. त्यामुळे तिथं तेवढाच दाब उतरायला काहीशे किलोमीटर लागतात. फुगलेली हवा म्हणजे रुंद कडं, रुंद कड्यातून जास्त उजेड. या ग्रहांवर कोणी राहत नाही आणि राहू शकणारही नाही, तरी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागलेत, त्याचं एक सरळ कारण हे की त्यांची हवा मोजता येते.

यातला एक फुगीर नमुना वास्प-३९ बी. अंतर ७०० प्रकाशवर्षं, वर्ष चार दिवसांचं, वजन शनीच्या आसपास, पण आकार गुरूहूनही मोठा. नावातलं 'वास्प' हे तो शोधणाऱ्या प्रकल्पाचं नाव. त्या प्रकल्पानं बाजारात मिळणाऱ्या कॅनन कंपनीच्या २०० मिलिमीटर लेन्स लावलेले कॅमेरे शेजारी शेजारी बसवून आकाशाचे फोटो काढले आणि शेकडो प्रकाशवर्षांवरचे ग्रह हुडकले. हे वाचलं की लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आपल्या पोरांकडच्या लेन्सकडे मी वेगळ्या आदरानं बघतो.

२५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, आणि ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर थंडीत राहून अवरक्त उजेड पाहते. अवरक्त म्हणजे डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू डोळ्याला पारदर्शक असतात, पण अवरक्तातले ठरावीक पट्टे ते अडवतात. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते ती याच गुणामुळे. वेबनं २०२२ च्या जुलैत वास्प-३९ बी चं अधिक्रमण पाहिलं. बाकीच्या तरंगलांबींना, म्हणजे अवरक्तातल्या बाकीच्या 'रंगां'ना, उजेड साधारण २.१ टक्के उतरत होता, तो ४.३ मायक्रॉनपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २.३ टक्क्यांच्या आसपास गेला. आलेखात डोंगर उभा राहावा असा तो उंचवटा होता. परक्या ग्रहावरच्या कार्बन डायऑक्साइडचा हा पहिला निखळ पुरावा.

पण त्याच आलेखात चार मायक्रॉनपाशी अजून एक छोटा उंचवटा होता आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला. इतक्या गरम हायड्रोजनच्या हवेत गंधक असेल तर ते हायड्रोजन सल्फाइडच्या, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूच्या रूपात असायला हवं. सल्फर डायऑक्साइड आला कुठून? ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यातले तुकडे गंधकाशी जुळतात आणि हा वायू तयार होतो. आपल्याकडे उन्हामुळे प्राणवायूपासून ओझोनचा थर होतो, त्याच घराण्यातली ही प्रक्रिया. ताऱ्याच्या उन्हानं परक्या ग्रहाच्या हवेत रसायनं घडताना पहिल्यांदाच पकडली गेली. यादीत आणखी एक वायू आला, यापेक्षा हे फार पुढचं आहे.

आता वजाबाकीची दुसरी तऱ्हा. ग्रह ताऱ्याच्या मागे दडतो तेव्हा त्याचा स्वतःचा उजेड तेवढा गायब होतो. दडण्याआधी तारा अधिक ग्रह, दडल्यावर नुसता तारा. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीनं असं करून या ग्रहांची उष्णता थेट मोजली. २०१३ मध्ये हबलनं एचडी १८९७३३ बी या ग्रहाच्या बाबतीत रंगही काढला: ग्रह दडला तेव्हा एकूण उजेडातला निळा भाग किंचित कमी झाला, म्हणजे ग्रह निळा. समुद्रामुळे नव्हे. त्याच्या हवेत वाळूच्या जातीच्या पदार्थांचे बारीक कण तरंगतात असं मानतात, ते निळा उजेड जास्त विखुरतात.

आणि ग्रह पूर्ण फेरी मारेपर्यंत सतत मोजत बसलं, तर चंद्राच्या कलांप्रमाणे त्याची तापलेली बाजू हळूहळू समोर येते आणि जाते. या चढउतारावरून ढोबळ नकाशा काढता येतो. एचडी १८९७३३ बी चा नकाशा २००७ मध्ये निघाला, त्यात सगळ्यात तापलेली जागा भर माध्यान्हीच्या ठिकाणी नव्हती, पूर्वेला सरकलेली होती. वारा उष्णता ओढून नेत होता. आपल्याकडेही दुपारी बारापेक्षा अडीच-तीनचं ऊन जास्त भाजतं, पण तिथं सूर्य हलत नाही, हवाच हलते. वेबनं वास्प-४३ बी या ग्रहाचा असाच नकाशा केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलं वर्ष साडेएकोणीस तासांचं. दिवसाच्या बाजूला सुमारे १,२५० अंश, रात्रीच्या बाजूला सुमारे ६००, आणि विषुववृत्तावर वारा ताशी आठ हजार किलोमीटरच्या आसपास. कोरो-२ बी नावाच्या एका ग्रहाची तापलेली जागा मात्र उलटी, पश्चिमेला सापडली. नियम बसवला की एखादा ग्रह असा मोडता घालतोच.

ढगांचं मात्र वेगळं प्रकरण आहे. मराठवाड्यात आपण ढगांकडे डोळे लावून बसतो. २०१५ च्या दुष्काळात औरंगाबादहून विमानं उडवून ढगांवर रसायनं फवारायची पाळी आली होती. या शास्त्रज्ञांना ढग नको असतात. हवेच्या कड्यात उंचावर ढग किंवा धुरकं असलं की उजेड खालच्या थरांपर्यंत पोचतच नाही. सगळे रंग सारखेच अडतात, आलेख सपाट येतो, आणि महागड्या दुर्बिणीचे कित्येक तास खर्चून हातात येते ती एक आडवी रेघ. हे ढग पाण्याचे नसतात. एवढ्या उष्णतेत पाणी वाफ होऊनच राहतं. तिथं थिजतात ती खनिजं. वास्प-१७ बी च्या ढगांत वेबला २०२३ मध्ये गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण सापडले. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर गारगोट्या विकणारे बसतात, त्यांच्या टोपलीतलं द्रव्य तिकडे आकाशात तरंगतंय. २०१९ मध्ये भारतातर्फे एका तप्त गुरूला नाव द्यायची संधी आली तेव्हा त्याच्या हवेत ढग असावेत या कल्पनेनं 'संतमस' हे नाव दिलं गेलं, आणि त्याच्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्या नावावरून 'विभा'. या संतमसाचं वर्ष दोन दिवसांपेक्षा जरासंच मोठं.

ढग आले की पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, मग तिथं पाऊस पडतो का?" उत्तर देताना मी जरा सावध होतो. वास्प-७६ बी या ग्रहावर लोखंडाचा पाऊस पडतो, ही बातमी २०२० मध्ये जगभर गाजली. प्रत्यक्षात मोजलं गेलं ते असं: चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीवरच्या एस्प्रेसो नावाच्या उपकरणानं ग्रहाच्या दोन कडा वेगवेगळ्या तपासल्या. संध्याकाळच्या कडेला, म्हणजे हवा दिवसाकडून रात्रीकडे जाते तिथं, लोखंडाची वाफ दिसली. सकाळच्या कडेला ती दिसली नाही. दिवसाच्या बाजूला तापमान २,४०० अंशांच्या घरात, रात्री बरंच कमी. मग रात्रीच्या बाजूला लोखंड थिजून खाली पडत असणार, असा तर्क केला गेला. तर्क चांगला आहे. पण नंतर इतरांनी दाखवलं की दोन्ही कडांच्या तापमानातला फरक किंवा ढगांची ठेवण यांनीही तसाच वर्णपट मिळू शकतो. लोखंडाची वाफ आहे, यावर वाद नाही. तिचा पाऊस पडताना कोणी पाहिलेला नाही.

याच जातीच्या उपकरणांनी जमिनीवरूनही हवा मोजता येते, आणि त्यातली युक्ती मला फार आवडते. पृथ्वीवरून पाहताना अडचण अशी की आपल्याच हवेत पाण्याची वाफ आहे, तिच्या रेघा मधे येतात. पण परका ग्रह सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगानं पळत असतो, कधी आपल्याकडे येत, कधी दूर जात. त्यामुळे त्याच्या हवेच्या रेघा रात्रभरात वर्णपटात सरकत जातात. आपल्या हवेच्या रेघा जागच्या जागी. ताऱ्याच्या रेघाही जवळजवळ जागच्या जागी. जे सरकतं ते ग्रहाचं. २०१० मध्ये एचडी २०९४५८ च्या ग्रहावरचा कार्बन मोनॉक्साइड असाच निवडून काढला गेला.

इतकं सगळं जमतं म्हटल्यावर चुकतं कुठं, तेही सांगितलं पाहिजे. काट्याचा हिशेब एका गृहीतावर चालतो: दोन्ही वेळा गाडी तीच असावी. मधेच कोणी ट्रॉलीतून उतरलं, किंवा काटाच मारलेला असला, तर उसाचा आकडा खोटा निघतो, आणि हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इथं गाडी म्हणजे तारा, आणि तारे स्थिर नसतात. त्यांच्यावर सूर्यावरच्यासारखे डाग असतात, ते वाढतात, फिरतात. थंड ताऱ्यांच्या डागांत तर पाण्याची वाफही असू शकते. ती ताऱ्याची वाफ ग्रहाच्या नावावर जमा झाली तर? काटा म्हणजे उपकरण. त्याचा स्वतःचा कल असतो, तो गणितानं काढून टाकावा लागतो, आणि कोणतं गणित वापरलं यावर कधी कधी उत्तर बदलतं. २००८ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून एचडी १८९७३३ बी वर मिथेन असल्याचं जाहीर झालं. तीन वर्षांनी दुसऱ्या गटानं तीच निरीक्षणं वेगळ्या रीतीनं तपासली आणि तो निष्कर्ष टिकत नाही असं दाखवलं. याच ग्रहावर २०२४ मध्ये वेबला हायड्रोजन सल्फाइड सापडला, मिथेनची खूण मात्र मिळाली नाही. मिथेन सापडला तो दुसरीकडे, वास्प-८० बी या त्यामानानं थंड ग्रहावर, २०२३ मध्ये.

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८ बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण मिळाल्याच्या बातम्या व्हॉट्सॲपवर तुफान फिरल्या. तो तप्त गुरू नाही, लहान आणि सौम्य हवामानाचा ग्रह, पण पद्धत हीच. केंब्रिजच्या गटाला डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मागमूस लागल्यासारखं वाटलं, पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून येतो. इतर गटांनी तोच डेटा पाहून पुरावा कच्चा ठरवला. अशी बातमी आली की मी तीन गोष्टी शोधतो. फरक किती मोठा होता आणि त्यात चूक किती धरली होती. दुसऱ्या एखाद्या गटानं तेच आकडे वापरून तेच उत्तर काढलं का. आणि एकाच पट्ट्यावर भिस्त आहे की दोन-तीन पट्टे जुळतात. वास्प-३९ बी चा कार्बन डायऑक्साइड या कसोट्यांना उतरतो. बातमीतल्या बऱ्याच गोष्टी उतरत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? मुख्य म्हणजे हे ग्रह जन्मले कुठं हे शोधायला. तरुण ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत ठरावीक अंतरापलीकडे पाण्याचा बर्फ होतो, त्याहून लांब कार्बन मोनॉक्साइडचा. कुठल्या पट्ट्यात ग्रह वाढला त्यावर त्याच्या पदरात कार्बन किती आणि प्राणवायू किती पडला हे ठरतं. ग्रह नंतर सरकत सरकत ताऱ्याजवळ आला तरी हे प्रमाण हवेत थोडंफार टिकून राहतं. म्हणून प्रत्येक ग्रहाच्या बाबतीत कार्बन-प्राणवायूचा हिशेब काढायची धडपड चालते. दुसरं, पुढची तयारी. सूर्यासारख्या ताऱ्यापुढून पृथ्वी गेली तर उजेड ०.००८ टक्के उतरेल, आणि तिच्या हवेचा त्यातला वाटा दहा लाखांत एक. वीस टनांच्या गाडीत वीस ग्रॅम. आजच्या कोणत्याही दुर्बिणीला ते झेपणारं नाही. हात बसवायचा तर फुगीर ग्रहांवरच बसवावा लागतो. युरोपची एरियल नावाची दुर्बीण सुमारे हजार ग्रहांच्या हवेची पाहणी करण्यासाठी तयार होत आहे.

आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचं पारस हे उपकरण माउंट अबूला आहे. ते ग्रहाच्या ओढीनं होणारं ताऱ्याचं डोलणं मोजतं, मेयर आणि केलोंच्या पद्धतीनं. २०२१ मध्ये त्यातून टीओआय-१७८९ बी हा तप्त गुरू सापडला, वर्ष ३.२ दिवसांचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहणारी लायगो वेधशाळा मात्र या कामाची नाही. ती उजेड पाहणारच नाही, गुरुत्वीय लहरी पकडेल. गावाकडे सगळे तिला 'मोठी दुर्बीण' म्हणतात म्हणून सांगितलं.

आणि ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी. एचडी १८९७३३ बी चं अधिक्रमण दर २.२ दिवसांनी होतं, उजेड जवळजवळ अडीच टक्के उतरतो आणि पावणेदोन-दोन तासांत पूर्ववत होतो. हवा मोजता येणार नाही, पण एवढा उतार छोट्या दुर्बिणीवर साधा डिजिटल कॅमेरा लावून हौशी लोक नेहमी टिपतात. तारा डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी आहे, ऑक्टोबरमध्ये अंधार पडला की लगेच उंचावर असतो. अधिक्रमण सुरू व्हायच्या आधी तासभर आणि संपल्यावर तासभर फोटो चालू ठेवायचे, शेजारच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी तुलना करायची. नासाच्या 'एक्सोप्लॅनेट वॉच' उपक्रमात अशी निरीक्षणं जगभरातून घेतात, कारण अधिक्रमणाची वेळ काही मिनिटांनी जरी चुकली तरी मोठ्या दुर्बिणीचा महागडा वेळ वाया जातो. दुर्बीण नसेल तरी अडत नाही. वेबनं केलेल्या वास्प-३९ बी च्या त्या पहिल्या निरीक्षणांचे आकडे सुरुवातीपासून सगळ्यांना मोफत खुले आहेत. पायथन ही संगणकाची भाषा येणाऱ्या बीएस्सीच्या पोराला-पोरीला ४.३ मायक्रॉनपाशीचा उंचवटा आपल्या लॅपटॉपवर काढून बघता येतो.